धुऱ्यावरची तार

वाघाची मला कधी फार भीती वाटली नाही. मोठेपणा मिरवायला सांगत नाही. आमचं वावरच जंगलाला लागून, भिऊन करणार काय? लग्न होऊन आले तेव्हापासून धुऱ्याच्या, म्हणजे आमच्या बांधाच्या, पलीकडे साग, मोह आणि धावडा उभे आहेत आणि मध्ये फारेस्टचा चुना लावलेला दगड आहे. दगडाच्या इकडे आमचं, तिकडे सरकारचं. वाघ यायचा, चिखलात पंजे उमटवून निघून जायचा. आम्ही वावरात जाताना मोठ्यानं बोलत जायचो, म्हणजे माणसं येऊन राहिली हे त्याला कळावं. एवढ्यावर आमचं त्याचं भागत होतं.

मला भीती वाटते ती तारेची. आजही कोणाच्या धुऱ्यावर गवतातून गेलेली बारीक तार दिसली की माझे पाय जागच्या जागी थांबतात. मग मी दोन बांध्यांचा, म्हणजे धानाच्या दोन खाचरांचा, वळसा घालून जाते. सोबतची कोणी हसली तर तिला चार शब्द ऐकवते, माझी जीभ आधीपासूनच तिखट. पण पाय पुढे टाकत नाही.

त्या वर्षी थंडी सरता सरता फारेस्टवाल्यांनी गावात सभा घेतली, शाळेच्या पटांगणात. जंगलाला लागून ज्यांची वावरं, त्या सगळ्यांना बोलावलं होतं. साहेब सरळ माणूस वाटला. म्हणाला, आग काही दगड बघून थांबत नाही. आदल्या उन्हाळ्यात ती थांबली नव्हतीच. कोणीतरी मोहाखालचा पाला जाळला, कारण पाला जळाला की राखेवर पडलेली फुलं चांगली दिसतात, वेचायला सोपी जातात. आमच्याकडे हे सगळेच करत आले. तो पाला जळता जळता जंगलात शिरला, आणि तिकडून फिरून आमच्या तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगांपर्यंत आला. कोणाच्या मोहाखालून निघाला तेही गावाला माहीत होतं, पण सभेत सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले.

साहेबाचं म्हणणं असं होतं की दगडाच्या तिकडे ते जाळरेषा काढतील, म्हणजे पाला झाडून, झुडपं तोडून जमिनीचा मोकळा पट्टा करतील. आणि इकडे आम्ही आपापल्या धुऱ्यालगत तेवढाच पट्टा साफ करू द्यायचा. दोन्ही पट्टे लागून झाले की आग ना इकडून तिकडे जाणार, ना तिकडून इकडे येणार. मजुरी त्यांची, काम गावच्या बायांचं. आणि जे शेतकरी सोबत येतील, त्यांची नावं सौर कुंपणाच्या यादीत वर जाणार. झटका मशीनचं कुंपण, डुकराला झटका देतं, मारत नाही. अटी दोनच होत्या. पाला जाळायचा नाही आणि धुऱ्यावर करंटची तार लावायची नाही.

सगळ्यांनी सह्या केल्या, आमच्या ह्यांनीही केली. मी बचत गटाची अध्यक्ष, दहा बाया कामाला आणायची जबाबदारी माझी, म्हणून त्याच कागदावर खाली माझीही सही घेतली. मी मोठ्या झोकात केली. आणि आम्ही दोघं सही करत होतो तेव्हा आमच्या धुऱ्यावर तार होती.

कशी आली ते सांगते, कारण सगळा दोष ह्यांच्यावर टाकून मला मोकळं होता येणार नाही. उन्हाळी धान लावलं होतं. रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, होऊन महिना झाला नाही तर रानडुकरं यायला लागली. ती खातात कमी, लोळतात जास्त. ह्यांनी राखण केली, डबे वाजवले, जुन्या साड्या बांधल्या. मग एक दिवस तारेचं बंडल घेऊन आले. मी घर डोक्यावर घेतलं. म्हटलं, माणूस मेलं तर काय करसान? त्यांनी बंडल गोठ्यात टाकून दिलं. आठ दिवसांनी सकाळी मी वावरात गेले तर दोन बांध्या अशा झालेल्या की तिथे धान होतं हे सांगूनही कोणाला पटलं नसतं. मी धुऱ्यावर बसून रडले, आणि घरी येऊन ह्यांना म्हणाले, "लावा." माझ्याच तोंडून निघालेला शब्द आहे तो.

सभेनंतर मी एकदा विषय काढला. ते म्हणाले, कुंपण येईपर्यंत राहू दे, मग लगेच काढू. मीही मान हलवली. सरकारचं कुंपण येणार पुढच्या वर्षी, डुकरं येणार आज.

सासूला आम्ही खरं सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी, करडीकडे, तिच्या भावाचा बैल अशाच कोणाच्या तारेला लागून गेला होता. तिला कळलं असतं तर तिनं स्वतःच्या हातानं खुंट्या उपटल्या असत्या. एकदा तिनं विचारलंच की धुऱ्यावर तार कायले लावली. मी भाकरी थापत होते, वर न बघता म्हणाले, नुसती बांधायची तार होय आत्याबाई, काटेरी झुडपं बांधायची आहेत तिले. तिला पटलं. माझ्या शब्दावर तिनं आजवर कधी शंका घेतली नव्हती.

आता लाईनचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे शेतीची वीज पाळीनं येते. एक आठवडा रात्रीची, एक आठवडा दिवसाची, आणि सोमवारी पाळी बदलते. रात्रीच्या पाळीत संध्याकाळी हे बोअरजवळच्या खांबावर आकडा टाकायचे, की धुऱ्यावरच्या तारेत करंट. पहाटे वीज आपोआप जायची. वीज गेली की ती तार म्हणजे सुतळी. सुरुवातीला हे रोज सकाळी जाऊन आकडा काढायचे. मग कंटाळा आला. लाईनच नाही तर आकडा राहिला काय, काढला काय? आठवडाभर तो खांबावर तसाच लटकत राहायचा, आणि सोमवारी सकाळी, दिवसाची लाईन यायच्या आत, जाऊन तेवढा काढायचा. आमच्या भागात तार लावणारे सगळे असंच करायचे. वीज जाते यावर आमचा भारी विश्वास.

मला मात्र त्या दिवसांत सकाळी जाग आली की पहिला विचार तारेचाच यायचा. आज कोणाचं जनावर सुटलं असेल का? मोह वेचायला कोणी बाई अंधारातच निघाली असेल का? हे वावरातून परत येईपर्यंत माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. ते आले, चेहऱ्यावर काही दिसलं नाही, की मी चहा ठेवायची. बोलायचो नाही आम्ही त्याबद्दल.

जाळरेषेचं काम गुरुवारी सुरू झालं, पार तिकडच्या टोकाला, नाल्याकडून. कामावर देखरेखीला फारेस्टची गार्ड होती, पंचविशीची पोरगी, साताऱ्याकडची. मला काकू म्हणायची, सासूला आजी. बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. पहिल्या दिवशी आमच्या बाया एकमेकींना कोपर मारत होत्या, पण ती स्वतः खराटा घेऊन पाला झाडायला लागली तेव्हा गप्प झाल्या. वाघाची तिला भीती वाटायची. लपवायची ती, पण झुडपात काही हललं की तिचा हात पटकन शिट्टीकडे जायचा. मी चिडवायची तिला, म्हणायची, मॅडम, वाघ तुमची शिट्टी ऐकून हजेरी लावायले येईल. ती हसायची आणि शिट्टी काही सोडायची नाही. सासू पण कामावर होती. साठी उलटून गेली तरी कामाला वाघीण. मी हिशेब केला होता की काम आमच्या धुऱ्यापर्यंत यायला बुधवार उजाडेल. तोवर तार काढून गोठ्यात टाकायची, असं आमचं ठरलेलं.

रविवारी काम बंद होतं. सोमवारी पहाटे ह्यांना फोन आला की भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांच्या बहिणीच्या नवऱ्याला भरती केलं. हे गाडी काढून तसेच निघाले. आकड्याची आठवण त्यांनाही झाली नाही, मलाही झाली नाही. सासू डबा घेऊन कामावर गेली. मी मागून येते म्हणाले, कारण दवाखान्यात डबा पाठवायचा होता, गावातला एक जण जाणार होता त्याच्या हाती.

साडेआठच्या आसपास आमच्या कामावरची एक बाई धापा टाकत घरासमोरून चालली होती. मी हाक मारली, म्हटलं, काम सोडून कुठी?

"उपासाचा डबा घरीच राह्यला ना वो. आज सोमवार होय माहा."

मी हसले. आणि विचारलं की एवढ्या नाल्यावरून डब्यासाठी आलीस? ती म्हणाली, नाल्यावर कुठी? नाल्याकडे वाघाचे ताजे पंजे दिसले, म्हणून मॅडमनं आज सगळ्यांना तुमच्या वावराकडे नेलं. तिकडे मोकळं आहे, गाव जवळ आहे, भ्यायचं काम नाही. तुमच्याच धुऱ्यापासून सुरू केलं. असं म्हणून ती गेलीसुद्धा.

मी दारात उभी. सोमवार हा शब्द कानात होता, पण डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरला तेव्हा हातातला डबा खाली पडला. आकडा खांबावर होता. दिवसाची लाईन यायची होती. आणि बाकीच्या बाया, ती पोरगी आणि माझी सासू त्या तारेवर वाकून पाला झाडत होत्या.

आधी गार्डला फोन लावला. लागला नाही, जंगलाच्या कडेला लागतच नाही. सासूजवळ फोन नाही. मग लाईनमनला लावला. तो आंधळगावचा, ह्यांच्या ओळखीचा, मला वहिनी म्हणतो. त्याचा लागला. त्यानं उचलला.

हे लिहिताना माझा हात अजून जड होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की भाऊ, लाईन सोडू नको, माणसं आहेत तारेवर. सात-आठ शब्द. पण तो विचारणार, कोणाच्या तारेवर? आणि मग पोलीस, फारेस्ट, ह्यांच्या हातात बेड्या, कागदावरची माझी सही, सगळं एका दमात डोळ्यांपुढे आलं. मी विचारलं, लाईन कधी येईल? तो म्हणाला, नऊले, पण लवकरही येईल, काहून? मी म्हणाले, मोटार लावाची होती. आणि फोन ठेवला. घड्याळात आठ पस्तीस झाले होते. मी स्वतःला सांगितलं, पंचवीस मिनिटं आहेत, पोहोचते मी. दुसऱ्यांदा फोन लावायला बोट गेलं नाही.

गाडी हे घेऊन गेलेले, सायकल पोरीनं शाळेत नेलेली. मी पळत सुटले, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. चाळिशी ओलांडलेली बाई गावातून पळते आहे म्हणून लोक ओट्यांवर उभे राहिले. कोणी काय झालं विचारलं, मी उत्तर दिलं नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या भरावावर, आले तेव्हा छातीत कळ यायला लागली होती. खाली पाण्यात मासे धरणारे ढीवर जाळं टाकून उभे होते. त्यांतल्या एकानं हाक दिली. त्यालाही सांगता आलं असतं. तो तरणाताठा होता, माझ्यापेक्षा दुपटीनं पळाला असता. मी त्यालाही सांगितलं नाही. पळताना मी देवाला नाही, विजेला हात जोडत होते. आज उशिरा ये म्हणत होते. एरवी लाईन उशिरा आली की आमच्या घरात मी शिव्या देते.

पाळ उतरले की आमचं वावर दिसतं. डाव्या हाताला बोअर आणि तो खांब, उजव्या हाताला जंगलाकडचा धुरा. दोन्हीकडे सारखंच अंतर. मी खांबाकडे वळले, दहा पावलं गेलेही. आणि मान वळवून धुऱ्याकडे पाहिलं.

गार्ड वाकून झुडपाच्या बुंध्यातून तार सोडवत होती. आणि सासू ती तार गुंडाळत होती. हाताच्या पंजापासून कोपरापर्यंत, कोपरापासून पंजापर्यंत, दोर गुंडाळतात तशी. नुसती बांधायची तार, कामाला येईल, कपडे वाळू घालायला होईल, असंच तिच्या मनात असणार. तिच्या उघड्या हातावर पाच-सात वेटोळी झाली होती. पाय बांधीच्या ओल्या चिखलात.

मग मला खांबाकडे जाववेना. मी तिच्याकडे पळत सुटले आणि ओरडले, सोडा, सोडा, पळा तिकून. नुसतं सोडा म्हणाले. काय सोडा, काहून सोडा, ते तोंडातून निघेना. त्या शब्दाच्या मागे आमचं सगळं घर उभं होतं.

बायांना वाटलं, वाघ. दुसरं काय वाटणार? सकाळीच पंजे पाहून आलेल्या त्या. सगळ्या जंगलाकडे तोंड करून एकमेकींना बिलगल्या आणि पाठमोऱ्या मागे सरकू लागल्या, मोकळ्या वावराकडे. म्हणजे तारेकडे. गार्ड शिट्टी फुंकत, दोन्ही हात पसरून बायांच्या पुढे उभी राहिली, जंगलाकडे बघत. भित्री म्हणून जिला मी चिडवलं, ती पोरगी वाघ आणि आमच्या बाया यांच्या मध्ये उभी होती. बायांच्या टाचांमागे वीतभर अंतरावर तार.

तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"तारेत करंट हाय! आमची तार होय ते! आत्याबाई, टाका ते!"

एकदम सगळं थांबलं. शिट्टी थांबली. सासूनं हाताकडे पाहिलं. तिला तार टाकता येईना, वेटोळी कोपरात अडकलेली. ती हात झटकत होती. गार्ड वळली, दोन ढांगांत तिच्याजवळ गेली आणि दोन्ही हातांनी वेटोळी ओढून काढली. काठी शोधली नाही, काही नाही. सासूच्या हाताची कातडी ओरबाडून निघाली. मग तिनं सासूला ढकलतच वर काढलं आणि बायांना एका जागी उभं राहायला सांगितलं, कोणी पाय उचलायचा नाही म्हणून.

मी उलटी खांबाकडे पळाले. तिथे वाळला वेळू ठेवलेला असायचा, आकडा काढायचा. वेळू आकड्याला लागेचना. एकदा चुकला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आकडा सुटून खाली पडला. मी वेळू मोटारीच्या खोलीच्या भिंतीला टेकवला, पदरानं तोंड पुसलं. आणि मोटारीच्या पेटीवरचा लाल दिवा लागला. लाईन आली होती.

मी किती वेळ तिथे बसले ते माहीत नाही. दिवा लागलेला होता आणि मी त्याच्याकडे बघत होते. नंतर गार्ड आली. तिनंही तो दिवा पाहिला. मग बोअरच्या मागे जाऊन तिनं ओकारी केली, तोंड धुतलं आणि परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हणाले.

तिनं वही काढली आणि लिहायला बसली. तिची अक्षरं वाकडी येत होती, तिनं ते पान फाडून दुसऱ्यावर लिहिलं. तार आणि आकडा बांधून नेला. ह्यांच्यावर केस झाली, ती अजून चालू आहे, तारखेला जाऊन राहिले. कुंपणाच्या यादीतून आमचं नाव गेलं. त्याबद्दल मी एका शब्दानं कोणाला बोलले नाही. बचत गटाचं अध्यक्षपण मी त्याच आठवड्यात सोडलं. बाया जाळरेषेच्या कामावर दुसऱ्या दिवशी आल्या, मीही गेले, जायलाच पाहिजे होतं. पट्टा आमच्या धुऱ्यावरून पूर्ण झाला. पण डबा खायच्या वेळी माझ्याजवळ कोणी बसलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सासूच्या हाताला हळद लावत होते, तेव्हा ती म्हणाली, नुसती तार होय म्हणलं होतं तू. मी रडायला लागले. तिनं हात काढून घेतला नाही, पण डोक्यावरही ठेवला नाही. तिनं गार्डलाही हेच सांगितलं होतं, नंतर कळलं मला. गार्डनं विचारलं होतं की आजी, ही तार कसली, आणि सासूनं भरवसा दिला होता की नुसती बांधायची आहे, माह्या सुनेनं सांगितलं, उचला बिनधास्त.

सगळ्यांनी विचारलं, फोन नाही का केला? मी म्हणाले, केला, लागला नाही. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, गार्डचा लागला नव्हताच. ह्यांनाही मी तेच सांगितलं. माझ्या पळण्याचं थोडं कौतुकही झालं गावात. एकीनं तर म्हटलं की सासूसाठी अशी पळणारी सून पाहिली नाही. मी ते ऐकून घेतलं.

पुढच्या पावसाळ्यात आंधळगावच्या बाजारात गेले होते, सासू सोबत होती. हिरव्या मिरच्या घेत होतो. लाईनमन भेटला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. त्याला केस कशाची तेवढं माहीत होतं, बाकी काही माहीत नव्हतं. सहज म्हणून त्यानं विचारलं, वहिनी, त्या सोमवारी सकाळी तुम्ही फोन करून लाईन कधी येते विचारलं होतं, मोटार लागली होती का मग? हो, म्हणाले मी, लागली होती.

सासू मिरच्या निवडत होती. तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मिरच्या पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या हातात न देता स्वतःच घेतली. जीपमध्ये ती माझ्या शेजारी बसली, पण तोंड बाहेर. फाट्यावर उतरलो, गावाकडे चालायला लागलो. तलावाच्या पाळीवर ती थांबली. डाव्या हाताचा कोपर दुसऱ्या हातानं चोळत होती. तिथली कातडी भरून आली होती, रंग वेगळा राहिला होता.

"म्हंजे फोन लागला होता तुया," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.